एकच शिक्षा, तीही मेहकरला

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, त्या दिवसांत मी खामगावच्या एका शेटजींची मालमोटार चालवत होतो. कापसाच्या गाठी, सरकी, मिळेल तो माल. एकदा डोणगावच्या बाजारातून गाडी जरा जोरात काढली. जरा म्हणजे किती, ते फौजदाराला ठाऊक. मेहकरच्या कोर्टात दंड झाला, मी तो तिथल्या तिथे भरला आणि विषय मिटला असं समजलो.

तो मिटला नव्हता. लायसन नवं करून घेताना झालेली शिक्षा, मग ती कितीही किरकोळ असो, सांगावी लागे. लपवली तर लायसन जाई. माझा एक जोडीदार ड्रायव्हर म्हणाला, "दंड भरला, सुटला. आता कोण इचारते तुले? गप राह्य ना बे."

"काऊन गप राहू? चोरी केली का म्या?" मी त्याच्यावर खेकसलो. खरं तर मला खरेपणाचा एवढा पुळका नव्हता, भीती होती. लायसन गेलं की शेटजी दुसरा ड्रायव्हर बघणार, आणि मला गाडी हाकण्यावाचून काही येत नव्हतं.

बुलढाण्याच्या कचेरीत गेलो, तर यंदाचा कागद हिंदीत छापलेला आणि टेबलामागे जबलपूरकडचे नवे बाबूजी. मी अमडापूरच्या शाळेत चौथी पास झालेलो. अक्षरं तीच, मग घाबरायचं कशाला? कागद हातात घेऊन नीट वाचला. एक रकाना होता 'शिक्षा'. त्याच्याखाली दुसरा, 'सजा'. हे दोन कशाला, ते काही उमगेना. शेवटी ठरवलं की सजा म्हणजे तुरुंग, तो काही मला झाला नाही. आपला दंड वरच्या रकान्यात.

बाबूजी टाक दौतीत बुडवून विचारू लागले.

"शिक्षा?"

"एक, बाबूजी."

"एक? यानी पहली?"

"हाव, पहिलीच. याच्या आधी कधीच नाही."

"उसके आगे?"

"आता कानाले खडा!"

बाबूजींनी मान वर केली. "कहाँ हुई?"

"मेहकरले."

"कितने साल लगे?"

"साल कायचे? अर्ध्या घंट्यात आटोपली."

त्यांनी माझ्याकडे फार कणवेनं पाहिलं. एवढ्याशा दंडासाठी एवढी दया कशाला, मला कळेना. मग त्यांनी विचारलं, "सजा?" मी छाती पुढे काढून म्हणालो, "नाही." आणि खाली सही ठोकली.

आठ दिवसांनी बोलावणं आलं. साहेबांपुढे मेहकर कोर्टाचा कागद पडलेला. "इथं सजा नाही म्हणून लिहून दिलंस, आणि हे काय? खोटी माहिती देणाऱ्याला लायसन मिळत नसतं."

मी हात जोडले. "साहेब, म्या तं सांगतली! वरच्याच रकान्यात सांगतली! इचारा बाबूजीले!"

"कुछ नहीं बताया, साहब," बाबूजी शपथेवर म्हणाले. ते खोटं बोलत आहेत असं त्यांच्या तोंडावरून वाटत नव्हतं. मीही बोलत नव्हतो. माझं डोकंच चालेना.

साहेब नागपूरचे, मराठी. त्यांनी माझा अर्ज ओढून मोठ्यानं वाचला, "शिक्षा: पहली, मेहकर." पुन्हा एकदा वाचला. मग तोंडाला रुमाल लावला. "अरे, हिंदीत शिक्षा म्हणजे शाळेतलं शिक्षण! आणि दंड झाला तरी ती त्यांच्याकडे सजाच." बाबूजींना त्यांनी मराठीतल्या शिक्षेचा अर्थ सांगितला, तेव्हा त्यांचा टाक हातातच राहिला.

साहेबांनी स्वतः खाडाखोड केली. मला विचारून वर चौथी लिहिली, खाली दंड लिहिला आणि शिक्का मारला. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

बाबूजी माणूस भला. लायसन हातात देताना त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "चौथी पास हो, तो भैया, काग़ज़ पढ़ क्यों नहीं लिया?"

मी लायसन खिशात घातलं. वाचला होता म्हणूनच तर फसलो होतो, आणि हे त्यांना कोणत्या भाषेत सांगावं तेच मला कळत नव्हतं.