तेल कुणी गाळलं

माझ्या थोरल्या बहिणीवर अन्याय झाला तो यंदाच्या खंडेनवमीला, सकाळच्या पाळीत, चहाच्या सुट्टीच्या थोडं आधी, वाळूजमधल्या एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये. आत तिनं बनवलेल्या यंत्राला हार घातला जात होता आणि ती शेडच्या बाहेर कडुनिंबाखाली उभी होती. ‘हे कुणाचं?’ असं विचारलं गेलं तेव्हा दुसराच माणूस पुढं झाला.

मी पत्रकं लिहिते. कॉलेजात असल्यापासून लिहिते. वसतिगृहाच्या मेसवर, वस्तीतल्या नळावर, बंद पडलेल्या शिष्यवृत्तीवर. पहिल्या ओळीत कुणावर आणि कधी ते सांगून टाकायचं, ही सवय हाताला लागली आहे. या प्रकरणावरही मी पत्रक लिहिलं होतं. त्याचं काय झालं तेही सांगते.

आधी तेल. कारण या सगळ्यात तेच विसरलं जातंय.

ताईचा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय आणि ती त्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे, कंत्राटावर. पत्रा दाबणारे मोठे प्रेस तेलाच्या जोरावर चालतात. तेच तेल आत फिरून फिरून काळं पडतं, त्यात लोखंडाची भुकटी उतरते, पावसाळ्यात पाणी शिरतं. मग ते काढायचं, पिंपात भरून भंगारवाल्याला द्यायचं आणि नवीन ओतायचं. ताईला हे पटायचं नाही. तिचं म्हणणं, तेल मेलेलं नाही, नुसतं मळलंय. कपडे मळले म्हणून कुणी फेकतं का? गाळायची सोय होती, पण घट्ट तेलानं जाळी तुंबायची. तापवलं तर तेल पातळ होऊन झरझर उतरतं, पण विजेच्या हीटरला चिकटलेलं तेल करपतं. तिला हवा होता मंद ताप, गरम पाण्यात वाटी ठेवून आपण तूप पातळ करतो ना, तसला.

तो तिनं उन्हातून काढला. पडेगावात आमच्या घराचा पुढचा भाग पत्र्याचा आणि मागचा स्लॅबचा. त्या स्लॅबवर तिनं पत्र्याचं एक उथळ खोकं केलं, आतून काळं रंगवलं, त्यात भंगारातल्या एसीची तांब्याची नळी नागमोडी बसवली आणि वरून जुन्या बसच्या खिडकीच्या काचा लावल्या. नळीतलं पाणी उन्हानं तापतं आणि तापलं की आपोआप वर चढतं. म्हणून तेलाचं पिंप खोक्यापेक्षा उंच, लोखंडी घडवंचीवर. गरम पाणी पिंपातल्या वेटोळ्यातून फिरतं, तेलाला ऊब देतं, स्वतः निवून खाली येतं. पंप नाही, वीज नाही. पातळ झालेलं तेल मग खाली ठिबकतं, आधी लोहचुंबकांवरून, मग नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, जाड थरांतून. लोहचुंबक आले होते जयंतीच्या मिरवणुकीत उडालेल्या स्पीकरमधून. आमच्या गल्लीत अशा स्पीकरना तोटा नाही.

ताई काही गरीब गाय नाही. कुणीही घरी आलं की पाण्याच्या आधी त्याला गच्ची. ‘माझं यंत्र बघितलं का?’ हे ती वरातीतसुद्धा विचारायची. कोपऱ्यावरचा रिक्षा गॅरेजवाला तिला जळकं तेल द्यायचा आणि वर टोमणा मारायचा, “बाजी, ये जला हुआ तेल धोके क्या करते, भजे तलते क्या?” पहिलं गाळलेलं तेल तिनं त्याला नेऊन दाखवलं तेव्हा त्यानं ते बोटांत चोळलं, वास घेतला, आणि इंजिनात नको पण दरवाज्याच्या बिजागरीला, साखळीला चालेल म्हणाला. ताई त्यावरच आठवडाभर छाती फुगवून होती. आईचं वेगळंच. तिच्या कुरडया त्याच स्लॅबवर वाळायच्या. “यंदा तळायला तेल नको बाई,” ती म्हणायची, “कुरडयांतच मुरलंय.”

मग तिच्या सुपरवायझरनं गच्चीवर येऊन ते पाहिलं आणि कारखान्यात मोठं करायची परवानगी मिळवून दिली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ते खरं आहे. प्रेस शॉपच्या दक्षिणेच्या भिंतीला जागा मिळाली. पाळी संपली की ताई थांबायची, दोन-तीन फिटर थांबायचे, वेल्डिंग चालायचं. उन्हाळाभर, पावसाळाभर. अख्ख्या शॉपनं पाहिलं, कुणी काय केलं ते.

यंत्र सुरू करायचा मुहूर्त ठरला खंडेनवमीचा. त्या दिवशी मशीन बंद असतात. धुऊन पुसून त्यांना हळदकुंकू, झेंडूचे हार. आणि त्या शॉपमध्ये एक रीत आहे: ज्याचं मशीन, त्यानंच नारळ फोडायचा. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. मग वर्षभर ते मशीन त्याच्या नावानं ओळखलं जातं. यावरून ऑपरेटर लोकांची भांडणंसुद्धा होतात.

आम्ही बौद्ध. आजोबांच्या पिढीनं दीक्षा घेतली तेव्हापासून घरात पूजा नाही, मग ती यंत्राची का असेना. ताई दर खंडेनवमीला शेडबाहेर जाऊन कडुनिंबाखाली उभी राहते आणि सगळं आटोपलं की आत येऊन पेढा खाते. तिथल्या लोकांना सवय आहे. “आली का पेढ्याची पाहुणी,” असं म्हणतात, आणि ती दोन उचलते. तिला कुणी कधी बाहेर काढलं नाही, कुणी कधी आत ओढलं नाही.

या वर्षी तिचा हिशेब असा होता की तेल गाळायचं यंत्र कुणा ऑपरेटरचं नाही, त्याला नारळ लागणारच नाही. पूजा झाली की आपण आत जायचं आणि मोठ्या साहेबांना ते चालवून दाखवायचं. सुपरवायझरशी तसं बोलणंही झालं होतं. तिनं केस विंचरून वर नीट बांधले होते, नवीन ड्रेस घातला होता आणि त्यावर कंपनीचा ॲप्रन.

मोठे साहेब घाईत होते. मशीनमागून मशीन करत ते भिंतीपाशी आले. पिंपालासुद्धा कुणीतरी हार घातला होता. “हे कुणाचं?” त्यांनी विचारलं. लोकांनी दाराकडे पाहिलं. कुणी बोललं नाही. नारळ सुपरवायझरच्या हातात होता. त्यानं तो फोडला. साहेबांनी हात मिळवला, फोटो निघाले.

ताई आत आली तेव्हा तिच्या यंत्राखाली नारळाचं पाणी सांडलेलं होतं. कुणीतरी तिच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

“खाल्लास तू तो?” मी घरी तिला विचारलं.

“भूक लागली होती,” ती म्हणाली.

पुढचं सगळं भराभर झालं. त्या यंत्राची सुधारणा म्हणून नोंद झाली, सुपरवायझरच्या नावावर. मग ते कंपनीच्या सगळ्या कारखान्यांमधल्या स्पर्धेला निघालं. पाहणीला पुण्याहून माणसं येणार असं ठरलं. आणि एका रविवारी सुपरवायझर आमच्या घरी आला, पेढ्यांचा पुडा घेऊन.

तो रावण नाही. साध्या घरचा, फर्दापूरकडचा माणूस आहे. आईनं चहा दिला, त्यानं बशीत ओतून प्यायला. खूप वेळ पावसापाण्याचं बोलला. मग ताईकडे न बघता म्हणाला, “साहेबांनी विचारलं, कुणी बोलंना. नारळ माझ्या हातात. काय करायचं माणसानं?”

ताई म्हणाली, “माझं नाव घ्यायचं.”

“घेतलं असतं. पण ती कुठंय म्हणाले असते. पूजेला का नाय म्हणाले असते. तुझ्यासाठीच गप बसलो, ताई. आता मागं कसं फिरायचं? साहेब म्हणतील, तवा खोटं बोललास का आता बोलतोस?”

मग तो ज्या कामासाठी आला होता त्यावर आला. गच्चीवरचं यंत्र काढून टाक. नोकरीत असताना केलेलं सगळं कंपनीचं असतं, असं करारात आहे म्हणे. पुण्याची माणसं चौकशा करतात. पडेगावात असलंच एक आहे हे त्यांच्या कानावर गेलं तर प्रश्न निघतील. आणि ताईचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंय. ते वाढवायची शिफारस त्यानंच करायची आहे. ही शेवटची गोष्ट तो धमकीच्या सुरात बोलला नाही. उलट आपण तिच्या भल्याचं सांगतोय अशा चेहऱ्यानं बोलला, आणि त्यामुळे मला जास्त राग आला.

तो गेल्यावर मी बसले आणि पत्रक लिहून काढलं. मथळा तयारच होता. बौद्ध मुलीला पूजेच्या नावाखाली डावललं, श्रेय लाटलं, कंत्राटी कामगार, स्त्री, सगळं आलं. चांगलं उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रांती चौकात वाटायचं, संध्याकाळी वाळूजच्या गेटवर.

ताईनं ते उभ्या उभ्या वाचलं. मागची बाजू पण वाचली.

“यात तेल कुठंय?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, तेलासाठी लोक रस्त्यावर येत नाहीत.

“मग येऊ नका म्हन. आन् हे खोटंय. मला कुणी काढलं नव्हतं, मी माझ्या मर्जीनं बाहेर होते. दर वर्षी असते. तू हे वाटलंस की उद्यापासून भांडण पूजेचं. ते म्हणतील हिला आमचा सण खुपतो, आपले म्हणतील हिला पेढा कशाला पायजे होता. यंत्र कुणी केलं ते कुणी इचारायचं नाय.”

“म्हणजे गप्प बसायचं?”

“गप बसले तर इचारतील, तुझं होतं तर होतीस कुठं. सांगितलं तर पूजेचं भांडण. गच्चीवरचं ठेवलं तर नोकरी जाती. काढलं तर माझ्याकडं दाखवायला काय राहतंय?” ती हसली, पण ते हसू मला सहन झालं नाही. “आता सांग, कुठल्या दारानं बाहेर पडू?”

मला दार सापडलं नाही. मी इतकी पत्रकं लिहिली, प्रत्येकात शेवटी एक मागणी असते, एक रस्ता असतो. इथं जिकडे वळावं तिकडे भिंत. मी तिच्याशी भांडले. म्हटलं, तुझ्या मर्जीनं बाहेर होतीस हे खरं, पण मालकी ठरवायची रीतच अशी ठेवली आहे की तुझ्यासारखीला तिथं उभंच राहता येत नाही, त्याचं काय? यावर तिनं पत्रकाची घडी घालून माझ्या हातात दिली. मग म्हणाली, हे बरोबर आहे, पण हे समजून घ्यायला ज्याला वेळ आहे, त्याला आधी तेल कुणी गाळलं ते दाखव. माझा मुद्दा अजूनही मला बरोबर वाटतो. पत्रक मात्र मी वाटलं नाही, कारण त्यातली एक ओळ खोटी होती आणि ज्या बाईसाठी ते होतं तिनंच ती दाखवली होती.

त्यानंतर फोन यायला लागले. प्रेस शॉपमधलेच लोक. एक फिटर म्हणाला, मी बोलणारच होतो, तोंड उघडलं होतं, तेवढ्यात नारळ फुटला. एक ऑपरेटर म्हणाला, सगळ्यांना माहीत आहे ताई, मन छोटं करू नका. कॅन्टीनवाल्या मावशीसुद्धा बोलल्या. ताई स्पीकर चालू ठेवून भाजी निवडत ऐकायची. प्रत्येकाला ती एकच विचारायची: “हे साहेबांसमोर सांगाल का?” मग पलीकडे कुणाचं तरी पोर रडायला लागायचं, कुणाला बायको हाक मारायची, कुणाची रेंज जायची.

आत्ता हे लिहिते आहे तेव्हा गच्चीवरच्या खोक्यावर ताईनं गोणपाट टाकलं आहे. काढलेलं नाही. नळीतलं पाणी तिनं सोडून दिलं, तेल पिंपात तसंच आहे. ऊन लखलखीत पडतंय आणि गोणपाटावर वाया जातंय. ती कामावरून येते, वर जाते, गोणपाटाचं एक टोक उचलून काच पुसते, परत झाकते. आई कुरडयांचं काही बोलत नाही. ती बोलत नाही याचीच मला भीती वाटते. पुण्याची माणसं येत्या सोमवारी येणार आहेत.

सुपरवायझरवर मोर्चा नेऊन हे सुटणार नाही. तो त्याच्या नारळात अडकला आहे. मोठ्या साहेबांना पत्र धाडून सुटणार नाही; ते आधी ताई कुठं होती हेच विचारतील. ताईनं बोलून सुटणार नाही, तिचे चारही रस्ते तिनं मला मोजून दाखवले आहेत. पण त्या शेडमध्ये जे उभे होते त्यांच्यापुढे यातली एकही भिंत नाही. ते आत होते. त्यांना कुणी ‘होतास कुठं’ विचारू शकत नाही.

म्हणून मागणी तुमच्याकडे आहे. हे वाचणाऱ्यांत तुम्ही आहात, मला माहीत आहे. ताईनं हे वाचलं, यात तेल आहे, वाट म्हणाली; म्हणून हे मी वाळूजच्या गेटवर आणि शिफ्टच्या बसमध्ये वाटणार आहे. तुम्ही उन्हाळाभर तिला त्या भिंतीपाशी पाहिलंत. तुमच्यापैकी कुणी तिला नट आवळायचे पाने दिले, कुणी वेल्डिंग केलं, कुणी नुसता टोमणा मारला. सोमवारी पाहुणे आले की पुढं व्हा आणि मोठ्यानं सांगा की हे यंत्र तिनं बनवलं. पूजेचं काही बोलू नका, तिच्यावर दया दाखवू नका. तेल कुणी गाळलं तेवढं सांगा. आणि तुम्ही दुसऱ्या कुठल्या कारखान्यात असाल, तर तुमच्या शॉपमध्ये तुम्हाला ठाऊक असलेलं आणि आजवर गिळलेलं एक नाव उद्याच्या पाळीला साहेबांसमोर घ्या. आम्हाला घरी फोन करू नका.