मार्गारेटचे डेलिया

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या आमच्या मराठी ग्रुपमध्ये बागेचा विषय निघाला की माझं डोकंच फिरतं. एकेकाचे प्रताप साठत जातात, कमी काही होत नाहीत. या हिवाळ्यातलेच घ्या.

माझी शेजारीण मार्गारेट गेल्या वसंतात केअर होममध्ये गेली. जाताना लाडक्या डेलियाचे कंद अश्विनीला, निलेशला आणि मला वाटून दिले. दर ऑगस्टमध्ये एक फूल आणून दाखवायचं, एवढीच अट. पहिल्या वर्षी दाखवलंही. पुढे फ्रॉस्टने पानं काळी पडली की कंद उकरायचे, सुकवायचे आणि गारठा लागणार नाही तिथे ठेवायचे. एवढंसुद्धा जमू नये?

*

अश्विनीच्या नवऱ्याने दिवाळीची साफसफाई काढली. घर आवरून स्वारी बागेत! काळी पानं दिसली, झाड मेलं असं परस्पर ठरवलं आणि मुळासकट उपटून कौन्सिलच्या कचऱ्याच्या बिनमध्ये टाकलं. वर रांगोळीला जागा केली म्हणून कौतुकाची अपेक्षा. अश्विनी रडली, तर हा सुपरमार्केटमधून प्लास्टिकची फुलं घेऊन आला.

*

निलेश नागपूरचा, अतिशहाणा. कंद चकाचक धुतले आणि ओलेच आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात घट्ट झाकण लावून ठेवले. नाताळात उघडलं तर नुसता लगदा. मी झापलं, तर मलाच विचारतो, "याच डब्यात माझं लोणचं वर्षभर टिकतं, मग हे का नाही टिकलं?"

*

म्हणजे उरले फक्त माझे. वर्तमानपत्रात गुंडाळून, खोक्यात, गॅरेजमध्ये. आमच्या ह्यांनी सायकलला जागा हवी म्हणून खोकं उचलून बाहेरच्या शेडमध्ये नेलं. बाहेर बादलीतलं पाणी गोठलेलं! मी वेळेवर पाहून खोकं परत गॅरेजमध्ये आणलं म्हणून कंद वाचले. आठवडाभर ह्यांना स्वतःचा चहा स्वतः करावा लागला.

*

मग साताऱ्याहून सासूबाई आल्या. महाशिवरात्रीला ऑफिसमधून दमून आले, तर ताटात गरमागरम रताळ्याचा कीस. चव जरा वेगळी लागली, पण उपासाची भूक, मी दुसऱ्यांदा वाढून घेतला. इथली रताळी अशीच असतील, म्हटलं.

शनिवारी कंद कुंडीत लावायला गॅरेजमध्ये गेले. खोकं रिकामं. वर्तमानपत्रं नीट घडी घालून ठेवलेली.

सासूबाई मागे उभ्या, त्याही चिडलेल्या. "इतकी चांगली रताळी अशी थंडीत टाकतात का गं? उपासाला लागली म्हणून बरं."

माझा नुसता संताप संताप झाला. पण मार्गारेटला सांगणं भाग होतं. रविवारी केअर होममध्ये जाऊन, मान खाली घालून, सगळं सांगितलं. ती लालबुंद होऊन म्हणाली,

"आणि मला थोडासुद्धा आणला नाहीस?"