पाण्याच्या रांगेतले अंगठे

आमची पलटण परदेशात शांतिसेनेत होती. मी सुभेदार, एका गावाजवळच्या पोस्टचा कमांडर. साडेसहाला फॉल-इन, आठला पेट्रोलिंग, साडेदहाला गावाला पाण्याचा टँकर. दर शुक्रवारी हेडक्वार्टरला संमतीचा फॉर्म. 'शांतिसेना इथे आमच्या इच्छेने आहे', खाली वीस गावकऱ्यांच्या सह्या किंवा अंगठे. फॉर्म गेला की आठवडाभर रस्ता नकाशावर हिरवा, म्हणजे सुरक्षित, होई आणि टँकरसोबतचा सशस्त्र एस्कॉर्ट बंद. हेच कागद पुढे मोठ्या सभांत दाखवतात, असं मेजरसाहेब सांगत. ज्याला लोकांनी खरंच बोलावलंय, त्याला दर आठवड्याला पुरावा कशाला लागतो, ही शंका मला तेव्हा आली होती. तरी मी फॉर्म पाठवत राहिलो.

एका शुक्रवारी गावच्या प्रमुखाने सही नाकारली. तुम्ही जा, एवढंच दुभाष्यामार्फत म्हणाला. मी वर कळवलं.

"सुभेदारसाहेब, कोरा फॉर्म वर जात नाही," मेजरसाहेब म्हणाले.

मी तो कागद पाण्याच्या रांगेत फिरवला. लोकांना ती पाण्याची पावती वाटली. दहा मिनिटांत वीस अंगठे झाले.

प्रमुखाच्या नकारानंतर लावलेला एस्कॉर्ट सोमवारी काढला. मंगळवारी नायक दत्ता भोईर एकटाच टँकर घेऊन गेला. दहा चाळीसला रेडिओ वाजला.

"पुलावर झाड आडवं टाकलंय. माणसं मागे जा म्हणतायत. ओव्हर."

"रस्ता हिरवा आहे. झाड हटवायला सांग, पुढे जा. ओव्हर."

"साहेब, हिरवा आहे ते यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही."

"पुढे जा. ओव्हर."

दहा शेहेचाळीसला गोळीबार ऐकू आला. आम्ही पोहोचलो तेव्हा दत्ता गेला होता.

त्याच्या मरणोत्तर मानपत्रात लिहिलं, 'स्थानिकांच्या संमतीने सेवा बजावताना'. चौकशी अहवालाला माझा फॉर्म जोडला होता. अंगठे कुठे घेतले, हे मला कुणी विचारलं नाही.

यंदा ती शांतिसेना पाठवणाऱ्या संस्थेने स्मरणिकेसाठी माझ्याकडे 'लोकांचा विश्वास' या विषयावर लेख मागितला. दुसऱ्या दिवशी मी कळव्याच्या माझ्या घरून खडवलीला, दत्ताच्या घरी गेलो. त्याच्या बायकोला, सुनंदाला, सगळं सांगितलं.

"म्हणजे यांना तिथे कुणी बोलावलंच नव्हतं?"

"नाही."

"आणि पुढे जा कोण म्हणालं?"

"मी."

 ती म्हणाली, "साहेब, हे लिहून द्या. मुलीला वाचू दे."

म्हणून लिहिलं. स्मरणिकेलाही हेच पाठवलं आहे. छापतील असं वाटत नाही.

नायक दत्ता भोईर, राहणार खडवली. पुलावर थांबायला हवं, हे त्याने ओळखलं होतं.