धरणात कलंडलेलं विमान आणि मामांची हाळी

भुताखेतांच्या गप्पा मी भरपूर रंगवून सांगतो, पण विश्वास? छे! माझा विश्वास फक्त गरम भज्यांवर. तर तोच मी आज हे लिहितोय... हसू नका.

आमच्या दिंद्रुडजवळ धरणाचं पाणी आहे. गेल्या मे महिन्यात तिथे पाण्यावर उतरणारं छोटं विमान आलं. पहिल्याच प्रवासी फेरीत मी घुसलो — सोबत माझी सत्तरीतली आत्या. बसल्याबसल्या तिने पायलटला बजावलं, "लेकरा, सावकाश हाण."

उतरतानाच वळीव कोसळला. वाऱ्याने विमान पाण्यावर तिरकं आदळलं, कलंडलं, आत पाणी शिरलं. लाइफ जॅकेट घालून मी, आत्या आणि पायलट असे तिघं विमानाला धरून तरंगत होतो. पावसात काठ कुठल्या बाजूला तेच कळेना. विमान हळूहळू खाली चाललेलं... आणि आत्याचे ओठ निळे पडलेले.

तेव्हा तिने हाळी दिली. मामांची, म्हणजे तिच्या नवऱ्याची. प्रत्येक धनगराची कळपाला बोलवायची हाळी वेगळी असते आणि कळप फक्त तिलाच ओ देतो. मामा कधीच गेले, त्यांची मेंढरंही तेव्हाच विकली. मी म्हटलं, आत्या, दम जपून ठेव. ऐकते कुठली!

...आणि डावीकडून मेंढरं ओरडली.

आत्याला मधे धरून आम्ही तिकडे पाय मारत निघालो. ती हाळी देई, तिकडून उत्तर येई.

काठावर अख्खा कळप आमच्याकडे तोंड करून उभा. त्यांचा मालक, वडवणीकडचा धनगर, चक्रावलेला.

"पावसात मेंढरू पाठ करून उभं राहतंय, काका. ही बगा, समदी तोंडावर पाऊस घेत हायेत. लई हाकललं, हलंनात."

हा कळप त्याने गेल्या वर्षी नगरकडून आणलेला. मामांची हाळी त्यांनी ऐकलीच कधी?

आत्या कुडकुडत मेंढरांत शिरली. एकेकीचं तोंड पदराने पुसू लागली — पदर त्यांच्याहून ओला! मग शेजारी कुणी उभं असावं तशी हळूच म्हणाली, "पोचले मी. सोडा आता त्यांना, भिजलीत."

सगळा कळप एकदम वळला आणि पावसाला पाठ करून उभा राहिला.

मी खूप जणांना विचारलं, कुणाला सांगता येत नाही. तुम्हाला काही सुचलं तर कळवा. आत्याला विचारून उपयोग नाही... ती नुसती लाजते.