सुतळीला बांधलेली पेन्सिल

माझे सासरे माझ्या चुका लिहून ठेवतात, अशी लग्नानंतर पाच वर्षं माझी पक्की खात्री होती. बरं, लिहायचे तेही चोरून नाही, भर घरात, माझ्या डोळ्यांदेखत. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीवर कॅलेंडर असायचं आणि त्याच्या खिळ्याला सुतळीनं एक पेन्सिल बांधलेली असायची. दिवेलागण झाली की ते चष्मा चढवायचे, पेन्सिल हातात घ्यायचे आणि त्या तारखेच्या चौकोनात एक ओळ लिहायचे. उजवीकडून डावीकडे, उर्दूत.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात मी देवगाव रंगारीहून लग्न होऊन औरंगाबादला आले. सासूबाई आधीच गेल्या होत्या. सासरे कचेरीतून नुकतेच निवृत्त झालेले. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात. मामांचं शिक्षण निजामाच्या काळातलं, सगळं उर्दूतून. बोलायचे आमच्यासारखंच, छापील मराठी वाचायचे, पण हात चालायचा तो उर्दूतच. माझे यजमान शाळेत गेले ते पोलीस ॲक्शन झाल्यावर, मराठी शाळेत. म्हणजे एकाच घरात बापानं लिहिलेलं लेकाला वाचता येत नव्हतं, आणि त्याचं दोघांनाही काही वाटत नव्हतं. मी यांना एकदा विचारलं, तर म्हणाले, लिहीत असतील काहीतरी, मी लहान होतो तेव्हापासून लिहितात.

मग मामांनाच का नाही विचारलं, असं आता कुणीही म्हणेल. पण तेव्हा सून सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर सावरत, कामापुरतंच बोलायची. शिवाय खरं सांगायचं तर विचारणं म्हणजे हार मानणं, असं मला वाटायचं. राग माझ्या नाकावर असायचा. माहेरी चार भावांत एकटी वाढलेली, तोंड बंद ठेवायची सवय नव्हती. इथं औरंगपुऱ्यामागच्या गल्लीत दोन खोल्या, गल्लीच्या टोकाला एकच नळ, आणि त्याला सकाळी दीड तास पाणी. घागरी भरून आणेपर्यंत माझा पारा चढलेला असायचा. मग भांडी आदळायची, दार आपटायचं. आणि ज्या दिवशी मी अशी आदळआपट करायचे, त्या दिवशी संध्याकाळी मामांची ओळ नेहमीपेक्षा लांब असायची. हे मी नीट पाहून ठेवलं होतं.

त्यात पैठणहून नणंद आली की मामा तिला शेजारी बसवून कॅलेंडरावरचं हळूच वाचून दाखवायचे आणि दोघं गालात हसायची. मी पोळ्या लाटता लाटता कान टवकारायचे, पण ऐकू काहीच यायचं नाही. त्यानं तर माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शेवटी मीही ठरवलं, तुम्ही लिहिता ना, मग मलाही लिहिता येतं. एक शंभर पानी वही आणली आणि पिठाच्या डब्यामागं ठेवली. तीत रोज मामांचं एकेक वागणं लिहायला लागले. पहिली ओळ मला अजून पाठ आहे. ‘आज चहात साखर कमी आहे म्हणाले.’

ती वही कशी भराभर भरली. एकदा लिहायला लागलं की सापडतच जातं. भाजी पानात टाकली. मी दळण आणलं तर विचारलंही नाही. सकाळी सकाळी खाकरतात. आधी मला दिवसातून एखादी गोष्ट खुपायची. वही केल्यावर पाच-पाच खुपायला लागल्या, कारण मी त्या शोधायलाच बसलेली असायचे. हे तेव्हा कळलं नाही. तेव्हा वाटायचं की आपण किती सोसतो.

मग शहराबाहेर नवीन वसाहत झाली आणि तिथं यांना एक घर मिळायचं ठरलं. आम्ही बघून आलो. लहानसंच, पण घरात नळ. मी नळ सोडला, पाणी पडलं, परत बंद केला, परत सोडला. हे हसले. त्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी यांच्याजवळ विषय काढला. म्हटलं, आपण दोघं आणि आपली पोर जाऊ. मामांना इथंच राहू द्या, त्यांची इथं बैठक आहे, शेजार आहे, मी रोज डबा पाठवीन. हे म्हणाले, वडलांना एकटं टाकायचं का? मी म्हटलं, मग मला तरी टाका. मधल्या दाराला नुसता पडदा होता. पलीकडं मामा आडवे झाले होते. ते जागे आहेत की नाही, हे मी बघितलं नाही. खरं तर बघायचं नव्हतं.

त्या संध्याकाळी मामांनी खूप वेळ लिहिलं. चौकोनात मावेना म्हणून कडेनं उभं लिहिलं. मी मनात म्हटलं, लिहा, आता महिनाभराचा प्रश्न आहे.

पण महिना उलटायच्या आधीच एक गोष्ट झाली. मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. ते आजच्या चौकोनात लिहायला जायचे आणि ओळ कालच्यावर चढायची. एका संध्याकाळी ते पेन्सिल हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग माझ्याकडं वळले. लग्नापासून त्यांनी मला कधी असं थेट हाक मारून काम सांगितलं नव्हतं.

“सूनबाई, आजपास्नं तू लिही. मला चौकोनच दिसंना झालाय.”

माझ्या चुका मीच लिहायच्या, वरून त्यांच्यासमोर, त्यांनी सांगितलेल्या. मी पेन्सिल घेतली आणि विचारलं, काय लिहू?

“लिही, आज नळाला घटकाभर जास्त पाणी आलं.”

मी लिहिलं आणि थांबले. विचारलं, एवढंच? ते म्हणाले, “रोज एवढंच ऱ्हातंय की. एकच बरी गोष्ट. लई लिहून काय करायचं?” आणि जाऊन खाटेवर बसले.

माझा विश्वास बसला नाही. मला वाटलं, मी लिहिणार म्हणून बदललं असणार. दुसऱ्या दिवशी मामा दाढीला गेले तेव्हा मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, त्यांच्या ट्रंकेतली जुन्या कॅलेंडरांची गुंडाळी काढली आणि शेजारच्या खालांकडं गेले. खाला म्हणजे पलीकडच्या दारातल्या म्हाताऱ्या बाई, मामांच्याच वयाच्या. नळावर माझी घागर धरून ठेवणाऱ्या त्या एकट्याच. त्यांना उर्दू येत होती. मी तारखा दाखवत गेले आणि त्या वाचून आपल्या बोलीत सांगत गेल्या.

मी वही घेऊन गेले होते, कारण मला तारखा त्यातून काढायच्या होत्या. म्हणून मग दोन्ही शेजारी शेजारी आलं. भाजी खारट झाल्याची तारीख. माझ्या वहीत होतं, ‘भाजी पानात टाकली, बोलले नाहीत, मुद्दाम.’ मामांनी लिहिलं होतं, आज सूनबाईनं पातळ भाकरी केली, माझ्या आईसारखी. दळणाचं विचारलं नाही म्हणून मी लिहिलेला दिवस. मामांच्या चौकोनात होतं, नात पहिल्यांदा माझं बोट धरून दारापर्यंत आली. काही चौकोन निराळेच होते. कुठं गुलमोहर फुलला, कुठं जुना शिपाई रस्त्यात भेटला. एक-दोन ठिकाणी नुसतं होतं, आज काही सापडलं नाही, उद्या बघू.

“अगे बेटी,” खाला म्हणाल्या, “यां तो जिधर देखो उधर तूच है.”

मग मी मुद्दामच तो दिवस काढला. पाण्यावरून नळावर भांडण करून आले होते आणि मामांनी रांजण धुवायचं विचारलं, तेव्हा मी त्यांच्यासमोर भरली घागर आपटली होती आणि नको ते बोलले होते. घागरीला पोचा पडला, तो अजून आहे. त्या चौकोनातली लांब ओळ मला नजरेनं पाठ होती. खालांनी ती दोनदा वाचली. आज सूनबाई माझ्यावर चिडली. परक्या घरात माणूस चिडत नाही, गप बसतं. आता तिला हे घर आपलं वाटाय लागलं.

खालांचं बोट पुढं सरकत गेलं आणि त्या रविवारच्या चौकोनावर आलं, ज्याची ओळ कडेनं उभी चढली होती. तिथं लिहिलं होतं, पोरांनी नवं घर बघितलं. नळ घरातच आहे. सूनबाईची पाठ वाचली. डबा पाठवीन म्हणाली.

खालांनी चष्मा काढला. विचारलं, “वो तुम्हारे साथ नहीं आ रहे क्या?”

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, तेही आलं नाही. पडद्यापलीकडं पडून त्या माणसानं सगळं ऐकलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत त्यातून दोन बऱ्या गोष्टी शोधून काढल्या होत्या. आणि त्यातली एक माझ्या डब्याची होती.

घरी येऊन मी ती वही बंबात घातली. त्या दिवशी अंघोळीचं पाणी लवकर तापलं. मामा दाढी करून आले तेव्हा त्यांना पाणी दिलं आणि म्हटलं, मामा, नव्या घरात कॅलेंडर कुठं लावायचं, ते तुम्हीच येऊन सांगा. ते पाणी पिता पिता थांबले. पेला खाली ठेवला.

“उजेडाला लाव,” म्हणाले. “मला दिसत नाय, पण तुला दिसाया पायजे.”

नव्या घरात पहिला खिळा ठोकला तो कॅलेंडरचा. मोतीबिंदू काढल्यावर मामांना माणसं, झाडं दिसायला लागली, पण बारीक अक्षर काही जमलं नाही, त्यामुळे लिहायचं काम माझ्याकडंच राहिलं. तेव्हा हळूहळू आम्ही बोलायला लागलो. हे सगळं सुरू कसं झालं, ते त्यांनी मला मटार सोलता सोलता सांगितलं. पोलीस ॲक्शननंतर कचेरीतला कारभार बदलला आणि त्यांची उर्दू कुणाला लागेना. वयानं लहान असलेली माणसं त्यांना मराठीत अर्ज कसा लिहायचा ते शिकवायची. ते रोज तोंड पाडून घरी यायचे. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती, पण जीभ माझ्यासारखीच असावी. त्यांनी एक दिवस उंबऱ्यातच अडवलं आणि सांगितलं, येताना एक बरी गोष्ट घेऊन यायची, नाहीतर बाहेरच बसायचं. पहिले काही दिवस मामा खरंच बाहेर बसले. मग वाटेनं येताना शोधायला लागले. विसरू नये म्हणून लिहायला लागले.

“तिच्या धाकानं लागलेली सवय,” ते म्हणाले. “ती गेली, सवय काय जाईना.”

मी काही एकदम गरीब गाय झाले नाही. भांडी अजूनही आदळते, घरातल्यांना विचारा. पण संध्याकाळी पेन्सिल हातात घ्यायची आहे हे माहीत असलं की दुपारपासूनच एक डोळा बरं काही शोधत राहतो. डोळ्याला कामाला लावलं की तो आणतो काहीतरी. सात वर्षं मी मामांच्या ओळी लिहिल्या. शेवटी शेवटी ते म्हणायचे, आज तुझी लिही, मला ऐकव. मी ऐकवायचे, आणि ते पसंत असेल तर मान हलवायचे, नसेल तर म्हणायचे, दुसरी बघ.

ते गेले ते एका सकाळी, चहानंतर, खुर्चीत बसल्या बसल्या. मी आतून कप न्यायला आले तेव्हा मान कलली होती. दिवसभर माणसं आली. पैठणहून नणंद आली. दुपारी सगळं उरकलं आणि दिवेलागणीला घर एकदम मोकळं झालं. सवयीनं माझी नजर कॅलेंडरवर गेली. सुतळीला पेन्सिल लटकत होती.

मला त्यांचा राग आला, खरंच आला. आजच्या दिवसात बरं काय शोधायचं? हे काम माझ्यावर टाकून स्वतः गेले. मी चौकोनासमोर उभी राहिले. वाटलं, त्यांचंच लिहावं, आज काही सापडलं नाही. नणंद म्हणाली, राहू दे वहिनी, आज नको. मी म्हटलं, नाही, ते मला उंबऱ्याबाहेर बसवतील.

मग सकाळ आठवली. मामांनी पहिला घोट घेतला होता, तोंड वाकडं केलं होतं आणि मला हाक मारली होती. मी कुरकुरत जाऊन चमचाभर घातली होती. मग त्यांनी सगळा कप संपवला होता.

मी पेन्सिल घेतली आणि लिहिलं, ‘आज चहात साखर कमी आहे म्हणाले.’ नणंदेनं विचारलं काय लिहिलं, म्हणून मी तिला वाचून दाखवलं.