थांबतोस का ते बघू

वाण्याच्या दुकानात गेले की आमचे वहिमी अण्णा आधी तराजूचं पारडं उलटं करून बघायचे. खाली चिंच चिकटवलीय का, म्हणून. वाणी वैतागायचा. अण्णा म्हणायचे, "तुज्यावर न्हाय रे वहीम. पारड्यावर हाय."

अण्णा गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, विणकर होते. वहिमी हे नाव लोकांनी पाडलेलं, आणि ते त्यांना शोभायचं. गिरणीचा भोंगा झाला तरी ते सूर्याकडं बघून खात्री करून घ्यायचे.

त्या काळी सोलापुरात गिरणीगिरणीच्या फुटबॉलच्या टीमा होत्या. आमच्या गिरणीत नवे गडी घ्यायचे झाले की गोरा साहेब पोरांना मैदानात उभं करायचा. चुन्याची रेघ मारून घड्याळावर पळवायचा, उड्या मारायला लावायचा, फितीनं छाती मोजायचा. जो निवडला जाई त्याला टीमबरोबर गिरणीत कामही मिळे. बघायला ही गर्दी. संध्याकाळी गेटसमोर इमामभाईच्या चहाच्या गाड्यावर त्यावरूनच भांडणं. कुणी म्हणे उंच गडी घ्या, कुणी म्हणे पळणारा घ्या.

अण्णांना फुटबॉलचं वेड, पण त्या घड्याळावर विश्वास नाही.

"अण्णा, घडी झूट बोलती क्या?" इमामभाई मुद्दाम डिवचायचे.

"घड्याळ खरंच बोलतंय की. पर त्याला इचारलंय काय? मोकळ्या रानात कोन किती पळतंय, येवडंच. अंगावर गडी आल्यावर हे पोरगं काय करंल, ते घड्याळाला काय ठावं?"

अण्णांचं सगळं खरं ठरायचं असं मुळीच नाही. एका बुटक्या गोलकीपरला त्यांनी अगदी टाकाऊ ठरवला होता. पुढं त्याच्याच जिवावर आम्ही मॅची जिंकल्या. अण्णा म्हणाले, "अजून बगू." त्यांचं हे कायमचंच.

मी निवडीला उतरलो तेव्हा सगळ्यांच्या पुढं पळालो. लोकांनी पाठ थोपटली. अण्णा जवळ आले, माझ्या पायांकडं बघितलं नि म्हणाले, "पळतोस, ते कळलं. थांबतोस का, ते कुनी बगितलं?"

मला राग आला. हा म्हातारा असं का बोलतो, ते नंतर कळलं. त्यांची पोरगी गोदा. लहानपणी तापात एक पाय गेला, तो आखूडच राहिला. बघायला पाहुणे यायचे, पोहे खायचे, नाव विचारायचे, आणि मग कुणीतरी म्हणायचं, पोरी, जरा चालून दाखव. ती चालली की पाहुणे उठायचे. पोरगी कशी हाय, हे कुणी विचारलंच नाही.

गोदा रोज बापाची भाकरी घेऊन गेटवर यायची. एकदा मला म्हणाली, "पळताना जीब भाईर काडता तुमी. तहानलेल्या म्हशीगत." तिच्या पायाकडं माझं लक्ष गेलं ते त्यानंतर. तोवर माझं ठरलं होतं.

मी चुलत्यांकरवी मागणी घातली, तर अण्णांचा वहीम दुप्पट. "पळनाऱ्या गड्याला ही पोरगी कशाला? कुटं खोट हाय तुज्यात?" मी पितो का, मला फेफरं येतं का, सगळी चौकशी माझ्या चाळीत जाऊन केली. इमामभाईलासुद्धा सोडलं नाही.

बघण्याच्या दिवशी पोहे झाले. मी घरी सगळं सांगून ठेवलं होतं, तरी चुलते सवयीनं म्हणाले, "पोरी, जरा चालून दाखव."

गोदा उठली. अण्णा म्हणाले, "एकटी न्हाय. तुमचं पोरगंबी चालू द्या संगट. त्या लिंबापत्तूर जाऊन या."

चुलते म्हणाले, "ही कसली पद्धत?"

"तुमची हाय तीच की."

आम्ही निघालो. माझ्या पायांना कुठली हळू चालायची सवय? मी झपाझप पुढं गेलो. मागं वळून बघितलं तर ती लांब. मी थांबलो. ती आली आणि हळूच म्हणाली, "चला की. अण्णांनी घड्याळ न्हाय लावलेलं." मग तिच्या पावलानं लिंबापर्यंत गेलो नि तसाच परत आलो.

अण्णा आमच्या तोंडाकडं बघतच नव्हते. नजर पायांवर. चुलत्यांना म्हणाले, "थांबला." तेवढ्यावर लग्न ठरलं.

वहीम तरी गेला नाही. घरी आले की आधी पोरीला बाजूला घेऊन विचारायचे, "खरं सांग, बरा हाय का?" ती हसून म्हणायची, "अजून बगतेय." बापाचीच पोरगी. माझा गुडघा गेला, टीम सुटली, त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. शेवटच्या दुखण्यात माझा हात धरून म्हणाले, "अजून थांबतोस न्हवं?" मी व्हय म्हणालो. त्यांनी गोदाकडं बघितलं. तिनं मान हलवली, तेव्हा कुठं हात सोडला.

गोदा गेली त्याला फार दिवस झाले नाहीत. जन्मभर ती मागं नि मी थांबलेला. या खेपेला ती पुढं गेली आणि तिनं काही मागं वळून बघितलं नाही. बाजारात निघालो की माझी पावलं अजून तिच्याच चालीनं पडतात. लोक म्हणतात, म्हातारा थकला. अण्णा असते तर त्यांनी एवढ्यावर विश्वास ठेवला नसता. पायाकडं नीट बघितलं असतं.