पापणीवरचं पक्कं काजळ

नवरा गेल्यावर चार वर्षांनी मी पुन्हा काजळ घालायला लागले. सौंदडला आमची धानाची बांधी आहे, म्हणजे भाताचं शेत. रोवणीच्या दिवसांत, चिखलात रोपं लावताना, घामानं काजळ गालावर उतरायचं, म्हणून गोंदियाच्या एका पार्लरात जाऊन पापण्यांच्या कडेनं कायमचं गोंदवून घेतलं. घरात कोणाला विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी डोळे उघडेनात. पापण्या टम्म सुजल्या, पू यायला लागला. मोठी जाऊ कोमट पाण्यात कापूस बुडवून डोळे पुसायची आणि पुसता पुसता बोलायची, "विधवा बाईले काजळ कायले पाह्यजे होतं व? देवानंच दाखवलं तुले."

"देवानं नाही बाई, सुईनं," मी म्हटलं. "उद्या मले डॉक्टरकडे घेऊन चला."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुई खोल गेली, शाई कातडीखाली पसरली. औषधानं पू थांबेल, डाग राहील. तसंच झालं. डाव्या डोळ्याखाली निळसर पट्टा राहिला, त्या पापणीचे अर्धे केस परत आलेच नाहीत. डोळा कोरडा पडतो, थेंब घालावे लागतात.

बरं वाटल्यावर मी जावेला घेऊन पार्लरात गेले. आत तीन बायका बसल्या होत्या. पार्लरवाली म्हणाली, "दीदी, आपने पानी लगाया होगा."

"मशीन चलाना किससे सीखा?" मी विचारलं. ती टेबलावरच्या बाटल्या आवरायला लागली. मी पुन्हा विचारलं.

"मोबाइल पे देखके," ती पुटपुटली.

मी त्या बायकांकडे वळून पापणी ताणून दाखवली. लग्न ठरलेली एक मुलगी उठून निघून गेली. मी तिच्याच खुर्चीत बसले. भिंतीवरचा पक्क्या काजळाचा बोर्ड उतरेपर्यंत उठणार नाही, असं तिला सांगितलं. पार्लरवाली आधी ओरडली, मग रडली. मला तिची कीवही आली, पण उठले नाही. दुपार टळल्यावर तिनं स्टूल घेऊन बोर्ड उतरवला.

गावात बायका म्हणतात, हौस केली अन् भोगली. हौस माझी होती, ते मी नाकारत नाही. त्याबद्दल माफी मात्र कोणाकडे मागणार नाही.

आता डोळ्यांना काही लावायची मनाई आहे. यंदा भाचीच्या लग्नात मी लाल लिपस्टिक लावली. जाऊ बघत राहिली.

"वरच्या ओठाले कमी लागली," ती म्हणाली, आणि आरसा धरून उभी राहिली.